ओली माती

नणंद गेली आणि महिन्याभरात तिच्या बागेनं मान टाकली. आधी गुलाबाची पानं पिवळी पडली, मग शेवंतीच्या कळ्या उमलायच्या आतच गळू लागल्या. सून शिवणयंत्रावर बसायची तिथल्या खिडकीतून सगळी बाग दिसे. तिला वाटे, वन्सं आपली फुलं एकेक करून मागे बोलावून घेतायत.

त्यात ती माती. केव्हाही हात लावा, ओलीच. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सून स्वतः गुपचूप पाणी घालायची. पण दुपारच्या रणरणत्या उन्हानंतरही वाफ्यात चिखल!

"आई, बागेत पाणी कोण घालतं हो?" तिनं एकदा विचारलंच.

भांडी घासणारा सासूबाईंचा हात थांबला. "ती येत असेल," एवढंच म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हापासून सून खिडकीकडे पाठ करून शिवू लागली.

एका दुपारी मागून पाणी पडल्याचा आवाज आला. तिनं यंत्राचं चाक हातानं धरलं. वळून बघायचा धीर होईना. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "पी गं बाळा. पोटभर पी."

आवाज सासऱ्यांचा होता.

ती बाहेर धावली. सासरे झारी घेऊन उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे. "शेवटी शेवटी फार तहान लागायची गं तिला," ते म्हणाले. "डॉक्टर घोटभरसुद्धा देऊ देईनात."

"बाबा, सकाळी मीही घालते."

"आणि तिन्हीसांजेला मी," दारातून सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, दुपारी तीच येते."

सुनेनं गुलाबाचं एक रोप उपटलं. मुळं काळी, बुळबुळीत, कुबट वासाची. "गुदमरलीत ही. पाण्यानंच."

सासूबाईंनी ते रोप हातात घेतलं. "म्हणजे आपणच मारली?"

"झाडं, आई. फक्त झाडं."

तिनं कात्रीनं सडकी मुळं छाटली, मातीत वाळू मिसळून रोपं पुन्हा लावली. बोटभर खोल माती कोरडी लागेपर्यंत पाणी घालायचं नाही, असं ठरलं. तेच सगळ्यात जड गेलं. भर उन्हात सासरे बागेत जाऊन उभे राहत, हात पाठीमागे घट्ट बांधून, आणि तसेच परत येत.

निम्मी रोपं गेलीच. उरलेल्यांना पालवी फुटली, शेवंतीला थोडी फुलं आली. ती कोमेजल्यावर सासूबाईंनी स्वतः खुडली, नव्या कळ्यांना जोर मिळावा म्हणून.

त्या संध्याकाळी सासू-सासरे पायरीवर बसून पहिल्यांदाच लेकीबद्दल बोलले. तिची भांडणं, तिचं लटकं रुसणं. बोलता बोलता सासरे जरा सरकले आणि दोघांच्या मध्ये जागा झाली. सून बाहेर आली, क्षणभर थबकली. ती जागा आपल्यासाठी नाही, हे तिला न सांगता कळलं. ती खालच्या पायरीवर टेकली, आणि अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.