भिंतीवरची रंगूबाई

मी भिंत बोलतेय. रहिमतपुरात बाजाराच्या वाटेवर हवालदार नाथाजींचं घर आहे ना, त्याची रस्त्याकडची भिंत. हसू नका. माणसं मला टेकून साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, मग मी चार शब्द बोलले तर कुणाचं काय बिघडलं?

खाली काळा दगड, वर पांढरी माती, असा माझा देह. नाथाजी पलटणीतून पेन्शनीत आले त्या वर्षी त्यांनी मला उभं केलं. अंग वाळतंय न वाळतंय तोच त्यांच्या कारभारणीनं, रंगूबाईंनी, माझ्यावर शेण्या थापल्या. पुढं निवडणुकीची चिन्हं आली, तंबूतल्या सिनेमाचे कागद आले. ते कागद खळीच्या वासानं शेरडांनी खाऊन टाकले.

चौसष्ट साली साताऱ्याहून हरिबा पेंटर आला. सायकलीला शिडी बांधलेली, हँडलला रंगाचे डबे. सोनकळी चहाच्या कंपनीला सातारा ते सांगलीच्या वाटेवर वीस भिंती रंगवायच्या होत्या. त्यातली पहिली मी. मी पसंत पडले तरच हरिबाला बाकीचं काम मिळणार होतं.

तोवर जाहिरात म्हणजे एक डबा आणि खाली मोठाली अक्षरं. या कंपनीनं मात्र नवंच डोकं चालवलं होतं. बाई खुर्चीवर ऐटीत बसलीय, हातात कपबशी, आणि नवरा उभा राहून किटलीनं तिला चहा ओततोय. खाली एवढंच, ‘आज तुम्ही बसा!’ तेच चित्र वर्तमानपत्रात, तेच तंबूत सिनेमाआधी पडद्यावर, आणि तेच माझ्या अंगावर येणार होतं.

हरिबाजवळ नमुना म्हणून वर्तमानपत्राचं चार बोटांचं कात्रण होतं. त्यात मुंबईचं जोडपं. बाईचे केस कापलेले, नवरा बुशशर्टातला. हरिबानं डोकं खाजवलं. "असली मानसं हतं कोन वळखनार? गिऱ्हाइकाला आपली वाटाय नगंत?"

इथंच गड्याचं चुकलं. चार दिवस तो नाथाजींच्या सोप्यात भाकरी खात होता. डोळ्यांपुढं जी माणसं होती तीच हातातून उतरली. खुर्चीवरच्या बाईला लुगडं आलं, कपाळभर कुंकू आलं, डाव्या गालावरचा तीळसुद्धा आला. ओतणाऱ्याला फेटा आला आणि कानाला भिडणाऱ्या मिशा आल्या.

झालं! येणारा जाणारा माझ्यापुढं थांबायला लागला. "आरं, ही तर रंगूवैनी!" नाथाजींचा जुना दोस्त धोंडिराम तर रस्त्यातनंच ओरडला, "हवालदारसाब, आमास्नी बी वता की वाईच च्या!"

नाथाजींचा राग मला कळत होता. त्या घरात खुर्ची एकच, आणि तिच्यावर त्यांच्याखेरीज कुणी बसत नसे. रंगूबाई सगळ्यांचा चहा झाला की चुलीपुढं उकिडव्या बसून पातेल्यात उरलेला बशीत घेऊन प्यायच्या. घरोघर तसंच होतं. पण चित्र झाल्यापासून त्या सकाळी सडा टाकताना माझ्यापुढं थांबत. एकदा तर त्यांनी चित्रातल्या खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली. मला असं भरून आलं म्हणून सांगू!

आणि त्याच दिवशी नाथाजींनी चुन्याची बादली कालवली. हरिबा हातापाया पडू लागला. "हवालदार, बाजारादिवशी कंपनीचं सायेब बघाय येनार हायती. चित्र न्हाई दिसलं तर माझ्या पोटावर पाय येतुया."

"आन् मला गावात तोंड दाखवाय नगं व्हय रं?"

तेवढ्यात रंगूबाई बाहेर आल्या. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची त्यांची रीत नव्हती, पण बोलल्या. "आवं, पुसायचं आसंल तर तुमास्नी पुसा. मला ऱ्हाऊ द्या."

नाथाजींनी कुंचा उचलला आणि फेट्यापासून वहाणांपर्यंत स्वतःला पुसून टाकलं.

बाजाराच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. बघतात तो कपबशी धरलेली बाई, आणि शेजारी नुसता पांढरा डाग. "ओतणारा कुठं गेला?" हरिबानं चुन्याच्या बादलीकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "अर्ध्या चित्रानं कंपनीचं हसं होईल. सगळी भिंत पुसा. आणि पेंटर, पुढच्या भिंती आम्ही दुसऱ्याला देऊ."

हरिबानं बादली उचलली. रंगूबाई दारात उभ्या होत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एकदा चित्राकडं बघितलं आणि आत वळल्या.

नाथाजी कट्ट्यावर बसले होते. सारा बाजार त्यांच्याकडं बघत होता. त्यांचा हात मिशीकडं गेला आणि तसाच खाली आला. "थांब रं हरिबा," ते उठून म्हणाले, "काढ मला परत. तिला एकटीला बसवून कसं चालंल?"

धोंडिराम खो खो हसला. "हस गड्या, हस," नाथाजी म्हणाले. "हरिबा, किटली जरा मोठी काढ."

दिवस मावळायच्या आत नाथाजी पुन्हा माझ्यावर उभे राहिले, आणि ते बघून साहेबांनी बाकीच्या भिंती हरिबालाच दिल्या. नाथाजींना पुढं दोन वर्षं लोक ‘किटलीवाले’ म्हणायचे. ते ओ द्यायचे.

आता पाच वर्षं झाली. मावळतीचं ऊन सरळ माझ्यावर येतं. आधी लुगड्याचा निळा गेला, मग फेटा गेला. कंपनीची जीप पुन्हा फिरकली नाही. आज माझ्यावर दोन पिवळट डाग उरलेत, त्यातला कुठला कुणाचा ते मलाही सांगता येत नाही.

नाथाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. रोज काठी टेकत कट्ट्यावर येतात आणि विचारतात, "आगं, दिसतंय का आजून?"

"दिसतंय की. तुमी लय झ्याक दिसताय."

"आन् तू?"

"मी बसलीया."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलतो! म्हणून बाबांनो, या भिंतीचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. रस्त्यानं जाताना हवालदारांनी हाक मारून विचारलं, तर तुम्हीही दिसतंय म्हणा.