लांब भोंगा

मित्रांनो, शाळेच्या पडवीत ज्या गंजक्या लोखंडी डब्यावर बसून तुम्ही चिंचा खाता, तो डबा नाही. तो मी आहे, कारखान्याचा जुना भोंगा. माझ्या तोंडात तुम्ही चिंचोके कोंबता, त्याचा मला राग येत नाही. आपलं तोंड बंद असलेलंच बरं, असं मला आताशा वाटतं. का वाटतं, ते आज सांगतो.

पुण्यात भवानी पेठेतल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. पोटात बिडाचं जड चाक, चाकाला पाती आणि मागे विजेची मोटर. बटण दाबलं की चाक गरगर फिरायचं आणि माझ्या गळ्यातून असा आवाज निघायचा की आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन बघायचे. मिस्त्री कानांवर हात ठेवून हसला होता. "पार डोंगराला ऐकू जाईल," म्हणाला. मला फार अभिमान वाटला.

मग ट्रकवर घालून, बावधन, भूगाव मागे टाकत मला मुळशीत आणलं. साल होतं शहात्तर. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाची रसायनं बनवणारा नवा कारखाना उभा राहत होता. ती जमीन जयसिंग नावाच्या शेतकऱ्याची. सरकारने ती लोकांच्या भल्यासाठी म्हणून घेतली आणि कंपनीला दिली. कंपनीने जयसिंगला खाकी कपडे दिले आणि त्याच्याच वावराच्या तोंडाशी पहारेकरी म्हणून उभं केलं. मला फाटकाजवळच्या उंच खांबावर, अगदी त्याच्या डोक्यावर बसवलं.

ओढ्याच्या पलीकडे गाव होतं. गावात घड्याळं थोडी, म्हणून माणसं माझ्या आवाजावर चालू लागली. सकाळच्या भोंग्याला चुली पेटायच्या, संध्याकाळच्या भोंग्याला गुरं परतायची. "पोरगं कधी झालं?" असं कुणी विचारलं, तर "सकाळच्या भोंग्याला" असं उत्तर यायचं. खांबावर बसल्या बसल्या मी त्या गावातला एक वडीलधाराच झालो होतो म्हणा ना!

दुपारचा भोंगा मात्र साबेराचा. तिचा नवरा मोहिद्दीन कारखान्यात पिंपं भरायच्या कामावर होता. ती त्याची भाकरी घेऊन यायची आणि शेजारच्या जयसिंगचीही आणायची, कारण जयसिंगची आई सगुणाबाई गुडघ्यांनी अधू झाली होती. दोन्ही हातांत दोन डबे घेऊन साबेरा उतारावरून ओढ्यात उतरायची, दगडांवरून पाणी ओलांडायची आणि चढ चढून फाटकाशी यायची. मी वाजायचो तेव्हा ती फाटकात हजर असायची. तिला कधी उशीर झालेला मी पाहिला नाही.

दोघे मित्र माझ्या खांबाच्या सावलीत जेवायला बसायचे आणि पहिल्या घासालाच त्यांचं नेहमीचं भांडण सुरू व्हायचं.

"सरकार लई वाईट," जयसिंग म्हणायचा. "कंपनीची काय टाप व्हती माजं वावर घ्यायची? सरकारनं कागूद काढला, पोलीस आनला, म्हनून गेलं."

"आरं, सरकार निदान मतं मागाया तरी दारात येतंय," मोहिद्दीन म्हणायचा. "कंपनीचा मालक तू कंदी बगितलाय का? वढ्याचं पानी लाल झालं, मासं मेलं. सांगायचं कुनाला?"

"सरकारला सांग की."

"सांगितलं. ते म्हनतंय कंपनीला सांगा."

साबेरा रिकाम्या डब्यांसाठी थांबलेली असायची. "तुमचं सरकार आन् तुमची कंपनी, दोगंबी हितं भाकरी घिऊन येत न्हाईत," ती म्हणायची. "आदी जेवा, मंग भांडा. जयसिंगभाऊ, कांदा ठिवू नका, आईनं सोलून दिलाय." मग तिघेही हसायचे. मित्रांनो, त्या हसण्यासाठी मी दुपारची वाट पाहत असे.

मला आणखी एक काम नेमून दिलं होतं. कारखान्यातून विषारी वायू सुटला, तर मी न थांबता वाजत राहायचं. कामगारांना सांगून ठेवलं होतं, लांब भोंगा झाला की मागच्या टेकडीवर पळा. तो वायू हवेपेक्षा जड, तो खाली सखलात उतरतो. एकदा सरकारचे साहेब तपासणीला आले. त्यांनी मान वर करून मला पाहिलं आणि कंपनीच्या साहेबांना विचारलं, "लांब भोंग्याचा अर्थ गावाला सांगितला आहे ना?"

"गावाला सांगणं आपल्या खात्याकडे येतं," कंपनीचे साहेब म्हणाले.

"छे, छे. ते कंपनीनं करायचं."

"बघू," असं दोघेही म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. जयसिंगने हे ऐकलं होतं. ते परत निघाले तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, मी सांगू का गावात?" कंपनीचे साहेब म्हणाले, "उगाच लोकांना घाबरवू नका. नोकरी करायची आहे ना?" जयसिंग गप्प बसला. कामगारांनाही तीच ताकीद होती, म्हणून मोहिद्दीननेही घरी काही सांगितलं नाही.

ब्याऐंशी सालचा श्रावण होता. आभाळ इतकं भरलेलं, की सावली बघून वेळ कळायची सोय नव्हती. जेवणाच्या सुट्टीला बराच अवकाश होता. अचानक टाकीची झडप निकामी झाली, पिवळट धूर बाहेर पडला आणि आतून कुणीतरी माझं बटण दाबलं. मी वाजू लागलो. कामगार टेकडीकडे धावले. मोहिद्दीनही धावला. धूर कुंपणाखालून घरंगळत ओढ्यात उतरला.

आणि पलीकडच्या उतारावर मला साबेरा दिसली.

ती घरून कशी निघाली, ते सगुणाबाईंनी नंतर रडत रडत सांगितलं. "तव्यावर शेवटची भाकर व्हती. भोंगा ऐकला आन् पोर दचकली. 'मावशी, आज लई उशीर झाला, दोगं उपाशी बसली असतील,' म्हनली. आरं, ती भाकर तव्यावरच ऱ्हायली!"

दोन डबे घेऊन ती धावत होती. तिला वाटलं, दुपारचा भोंगा झाला आणि आपण अजून ओढ्याच्या अलीकडेच. मी थांबत नव्हतो, तशी ती आणखी घाई करत होती. जयसिंग फाटकातून उतारावर पळाला. दोन्ही हात हलवत ओरडला, "भाबी, मागं फिरा! भाबी, मागं फिरा!" तो माझ्या खालीच होता, म्हणून मला ऐकू आलं. तिला नाही. माझ्या आवाजात त्याची हाक बुडाली. तिने त्याचे हलणारे हात पाहिले, त्याला भूक लागलीय आणि तो लवकर ये म्हणतोय असं तिला वाटलं असावं, कारण तिने पावलं आणखी उचलली आणि ती ओढ्यात उतरली.

जयसिंगचा श्वास कोंडला, तो मध्येच कोसळला. त्याला दोघा कामगारांनी ओढून वर नेलं. तो वाचला. साबेरा दगडांपाशी सापडली. डबे सांडले नव्हते.

मग चौकशी झाली, माझ्याच खांबाखाली, खुर्च्या मांडून. कंपनीचे साहेब म्हणाले, "भोंगा वेळेवर वाजला. आम्ही आमचं काम केलं." सरकारचे साहेब म्हणाले, "भोंगा चालू स्थितीत होता. आम्ही तपासला होता." एरवी एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या त्या दोघांनी त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवलं. माझा आवाज त्यांच्या कामी आला.

मोहिद्दीन उठून उभा राहिला. मान खाली होती.

"भोंगा वाजला, व्हय," तो म्हणाला. "आमी समद्यांनी ऐकला. माज्या बायकूनंबी ऐकला, म्हनून तर ती पळत आली. पन त्यो काय वरडतुया, हे तिला कुनी सांगायचं व्हतं? मी नोकरीला भ्यालो, न्हाई सांगितलं. ते मी मरंस्तवर भोगीन. तुमी दोगं कुनाला भ्याला?"

दोन्ही साहेबांनी कागद आवरले आणि ते गाडीकडे निघाले.

त्यानंतर जयसिंग आणि मोहिद्दीन खांबाखाली पुन्हा भांडले नाहीत. ते तिथे जेवायलाही बसले नाहीत. माझा आवाज गावाला सोसेना, बायका कान झाकून घ्यायच्या, म्हणून मला उतरवलं आणि गुरुजींनी इथे आणून ठेवलं. कारखान्यावर आता दुसरा भोंगा आहे. तोही वाजतो, तुम्ही रोज ऐकता. तो लांब वाजला तर कुठल्या बाजूला पळायचं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कुणीही काही टांगलं, तर ते काय आहे आणि कधी ओरडेल, हे त्याला विचारा. सरकार असो की कंपनी, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि कळलं की घाबरू नका, घरी जाऊन आधी आईला सांगा.

थांबणं माझ्या हातात नव्हतं, ते बटण माणसांच्या हातात होतं. तरी पाऊस पडायला लागला आणि पडवीत एकटा असलो की माझ्या मनात एकच येतं. त्या दिवशी क्षणभर वीज गेली असती, मी एका श्वासापुरता गप्प झालो असतो, तर साबेराला जयसिंगभाऊंची हाक ऐकू गेली असती.