अंगठ्याची पाळी

मंगळवारी सकाळी माझ्या डाव्या पोटरीत नवी गल्ली निघाली. वीतभर लांब, माती अजून ओली. मी वाकून आधी हेच बघितलं, की व्हॉल्व्ह कुठं बसवलाय. एकतीस वर्षं गावाला पाळीपाळीनं नळाचं पाणी सोडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्याच पायाच्या अंगठ्यातली माणसं दोन महिने कोरडी होती. सकाळ झाली की रिकाम्या घागरी वाजवायची. अंगठा निळा पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला. दसऱ्यापर्यंत तिथं रक्त पोचलं तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल. तरुणपणी चार फेऱ्यांत रक्ताला नव्या गल्ल्या फुटतात, तुम्हाला चाळीस लागतील, पण फुटतील. नात रेवती माझ्यासोबत मैदानात एकच फेरी पळाली आणि तिच्या पायात अख्खी पेठ उभी राहिली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मी हट्टाला पेटलो. पंधरा दिवसांत आणखी एक बोळ निघाला, तोही पुढं भिंत असलेला. बायको हौसा मैदानासमोरच्या आमच्या ओट्यावर बसून बघायची. चल म्हटलं की म्हणायची, आता आपलं काय राहिलंय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चालता चालता भिंत पडली आणि बोळ अंगठ्याला भिडला. मी सवयीनं आधी गुडघ्याचा व्हॉल्व्ह बंद केला. वरची पेठ बंद केल्याशिवाय शेवटच्या टोकाला पाणी चढत नाही, हे मला कोण शिकवणार? गुडघ्यातलं बळ गेलं आणि मी मैदानातच बसकण मारली. अंगठ्यातले लोक हसायला लागले.

हौसा अनवाणीच धावत आली. माझ्या पायात डोकावून म्हणाली, "अहो, इथं पाळी कसली लावताय? सगळीकडं एकदम सोडा."

एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळे व्हॉल्व्ह उघडले. लाल पाणी आलं. घागरी भरल्या, उतू गेल्या, अंगठ्यातल्या म्हाताऱ्या एकमेकींना भिजवायला लागल्या. अंगठा गुलाबी झाला. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

गल्ली मात्र थांबली नाही. नखाखालून बाहेर पडली, मैदानाच्या मातीतून सरळ हौसाच्या भेगाळलेल्या टाचेपाशी गेली. टाचेच्या आत कुणीतरी घागर वाजवली.

हौसानं पदर खोचला.