अशक्त कोकरू आधी

त्रिंबकच्या डोळ्यांत हळद उतरली होती. दिपालीनं त्याची पापणी ओढून पाहिली. मागच्या खेपेला हेच डोळे धुतल्या कापडासारखे पांढरे होते.

मंजुळाबाई गंगापूरकडची, मेंढरांमागं हिंडणारी बाई. थोरला खंडेराव आणि धाकटा त्रिंबक हे तिचे दोन लेक. दोघांच्या लिव्हरला एकच दुखणं, बापाच्या रक्तातून आलेलं. बापही पोटात पाणी होऊनच गेला होता. त्याच दुखण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी डॉक्टर दिपाली शहरात चालवत होती. काहींच्या बाटलीत खरं औषध, काहींच्या बाटलीत तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. कुणाला काय मिळालं, हे रोग्याला कळू द्यायचं नाही, अन् डॉक्टरलाही कळत नाही. मोठे सर म्हणाले होते, "एका चुलीवरचे दोघं घेऊ नका." दिपाली भांडली होती. दोघांतल्या कुणाला माघारी पाठवायचं?

आणि त्रिंबक पालवला होता. खंडेराव सुकत गेला तरी त्रिंबककडं बघून दिपालीच्या इतक्या वर्षांच्या कष्टाला पहिला कोंब फुटल्यासारखं वाटलं होतं. आज तोही पिवळा पडला होता.

"गोळ्या घेतोस ना रे?"

"व्हय म्याडम. एक बी चुकली नाय." त्यानं आईकडं पाहिलं.

"त्याला नका रागवू," मंजुळाबाई म्हणाली. "बाटल्या मी बदलल्या. याची थोरल्याला, थोरल्याची याला."

"बदलल्या?"

"मेंढीला जुळं झालं की अशक्त कोकराला आधी पाजतेत, बाई. दांडगं दूर बांधतेत. ते काय लगेच मरतंय व्हय? तुम्हीच म्हणल्या व्हत्या, एखाद्या बाटलीत नुसता खडू असल म्हणून. खडू कोणाच्या वाट्याला आला ते दिसतच व्हतं की."

"मावशी, मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर व्हय म्हणल्या असत्या?"

त्रिंबक फिकट हसला. "मीच म्हणलो, दादाला दे. आमच्यात समदं थोरल्याला आधी. बायको बी त्यालाच आधी मिळाली."

"खंडेराव कुठंय?"

"गावाकडंच हाय. जीपमधी बसवंना," मंजुळाबाईनं दोन्ही हातांनी पोटाचा आकार दाखवला. "याच्या गोळ्या खातोय, पर अजून गुण येईना."

येणारही नव्हता. खंडेरावचं लिव्हर कधीच दगड झालं होतं. हे दिपालीला ठाऊक होतं.

तिनं बाहेर जाऊन सरांना फोन लावला. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. दोघं चाचणीतून बाद, बाटल्या परत घ्यायच्या.

"दयेखातर तरी, सर? धाकट्याला त्याची स्वतःचीच बाटली?"

"कुणाची बाटली कसली, हे सगळं संपेपर्यंत उघडता येत नाही. आणि ते औषध आहे की विष, तेच अजून ठरायचंय. औषध बनवणारी कंपनी द्यायची नाही."

ती परतली तेव्हा मंजुळाबाई भिंतीला टेकून, आपल्याशीच, जुन्या जात्यावरच्या चालीत गुणगुणत होती:

थोरलं गं कोकरू, ऊन लागून निजलं
धाकट्याचं दूध बाई, त्याच्या ओठी गं थिजलं

दिपालीला पाहून तिनं पदराच्या गाठीतून, गोळ्या मोजून दाखवायला आणलेल्या दोन्ही बाटल्या काढल्या. "चुकलं असल तर पाया पडते. आता दोघांला खऱ्याच द्या."

"आता एकही देता येत नाही, मावशी. या परत घ्याव्या लागतात."

मंजुळाबाईनं बाटल्या मुठीत आवळल्या. मग अगदी हळू, जणू गंगापूरकडं अंथरुणात पडलेल्या लेकाला ऐकू जाईल, अशा भीतीनं म्हणाली, "मग धाकट्याचीच धाकट्याला द्या. थोरल्याला... ऱ्हाऊ द्या."

"आये!" त्रिंबक ओरडला. "असं नगं म्हणू."

त्रिंबकनं आईची मूठ हातात घेतली. जाळीत अडकलेला कोकराचा पाय सोडवावा तशी एकेक बोट हलक्या हातानं सोडवली आणि बाटल्या टेबलावर ठेवल्या. दोन्ही अगदी सारख्या.

दाराशी जाऊन तो वळला. "म्याडम, पुढच्या खेपेला यायचं का?"

"ये. रक्त तपासू."

तपासून पुढं काय, हे त्यानं विचारलं नाही. आईच्या खांद्याला धरून तो जीपच्या थांब्याकडं निघाला. कोण कुणाला सावरत होतं, ते दिपालीला खिडकीतून कळेना.