रामकिसनरावांचा गहू

कलेला सीमा नसतात. निवृत्त तलाठी रामकिसनरावांना मात्र हे पटायला जड गेलं, कारण उभी नोकरी त्यांनी लोकांना सीमा दाखवण्यातच काढली होती.

बीपी कमी होईल म्हणून घरच्यांनी त्यांना हर्सूलला शाहीन मॅडमच्या तैलचित्रांच्या क्लासला घातलं. मॅडमची पद्धत अशी, की आधी उस्तादाची नक्कल करायची, मग आपली अक्कल चालवायची. रामकिसनरावांच्या वाट्याला व्हॅन गॉगचं गव्हाचं शेत आलं. मागं निळे डोंगर, कडेला सुरूसारखं एक काळपट झाड. रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास नाकात शिरला आणि चढलेलं बीपी खाली यायचं नाव घेईना. पिवळ्या रंगानं तर त्यांना असं झपाटलं, की जेवताना ते वरणाकडंही डोळे बारीक करून बघू लागले.

पहिल्या नकलेत त्यांनी शेताला बांध घातला. मूळ चित्रात बांध कुठाय, असं मॅडमनी विचारलं. घोळ तोच आहे, पुढं वारसांत भांडणं लागतील, असं ते म्हणाले. सावलीत पीक येत नाही म्हणून झाडही त्यांनी शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवलं होतं. मॅडमनी चाकूनं सगळं खरवडून टाकलं.

"रामकिसनजी, मोजणी बस झाली. अब हवा निकालो. वारा काढा, वारा."

तलाठ्याच्या दप्तरात वाऱ्याला रकाना नसतो. पण त्या दिवशी त्यांचा हात सुटला तो सुटलाच. रंग पातळ करायचंही भान राहिलं नाही. नुसता थापत गेले. दुपारपर्यंत गहू डुलायला लागला आणि रामकिसनराव त्याच्यासमोर उभे राहून स्वतःही थोडे डुलले.

आता प्रदर्शनात नंबर येवो न येवो, गंगापूरच्या पुंजारामदादानं हे बघावं, एवढीच त्यांची आस होती. वडिलांमागं रान दादानं राखलं आणि नोकरीवाल्या धाकट्याचं नाव 'कागदावरचा शेतकरी' असं ठेवलं. त्याच्या तोंडून एकदा बरा शब्द निघाला असता, तर पेन्शन सुरू झाल्याइतकं समाधान झालं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी दादा कामानिमित्त शहरात होता. पुतण्यानं त्याला मोटारसायकलवरून हॉलवर आणून सोडलं. रामकिसनरावांनी काही न सांगता त्याला चित्रासमोर नेऊन उभं केलं. दादा पुढं झाला, न वाळलेल्या रंगात दोन बोटं घालून त्यानं एक ओंबी खुडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. उभ्या पिकात दाणा बघतात तशी. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"कुणाचं रान?" दादानं विचारलं.

"माझंच."

"गहू लई चांगलाय. पर सोंगायची घाई नको करू. दाणा ओला हाय अजून."

मॅडम रंगात पडलेलं भोक बुजवायला ब्रश घेऊन आल्या, तर रामकिसनराव चित्राला आडवे झाले. संध्याकाळपर्यंत येईल त्याला ते आधी भोक दाखवत, मग चित्र. आमच्या दादानं हात घातला, म्हणत. चाळीस पिकं काढलेला माणूस, त्याला खरा गहू वाटला.

दादा त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात आला होता. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते.