गोत्राचा खण

अपूर्वाने एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ उमटली: नाव ढुंढिराज, गोत्र अत्री, गाव नाशिक.

तिचे वडील, ढुंढिराजगुरुजी, खुर्चीच्या कडेवर टेकून बघत होते. रामकुंडावरची पूजा आटोपून तसेच आले होते. लेकीचा क्लास आजपासून बंद, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं.

“मी सांगितलं तेच याने मला परत सांगितलं,” ते म्हणाले. “यात शिकायचं काय, बाई?”

इंदिराबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर पंचवटीतल्या या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवत.

“यजमानाची माहिती एकत्र ठेवायची आणि हवी ती नेमकी काढायची. संकल्प सांगताना तुम्ही तेच करता की, गुरुजी.”

“बरं. मग दुसरा यजमान घ्या. तुम्हीच बसा पूजेला.”

अपूर्वाने ‘इंदिरा’ टाईप केलं आणि तिची बोटं थांबली.

“बाई, गोत्र?”

इंदिराबाई चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. वणीच्या ज्या बाईने त्यांना सांभाळलं, तिने नाव दिलं होतं, गाव दिलं होतं; गोत्र मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाच्या पूजेत गोत्र विचारायची वेळ आली की त्या प्रसादाचं बघायला आत जात.

“ते राहू दे. पुढे वणी लिही.”

पडद्यावर आलं: नाव इंदिरा, गोत्र वणी. गावापुढे काहीच नाही.

“बाईंचं गोत्र वणी!” मागच्या बाकावरून मयुरेश खिदळला. “मग माझं हरसूल!”

अपूर्वाचा चेहरा पडला. वडिलांकडे न बघताच ती पुटपुटली, “दुसरा शब्द म्हणजे गोत्र, असं लिहिलं होतं मी.”

“अगं अपू, यजमानाला गोत्र आठवलं नाही तर मी तिथे त्याचं गाव घालतो का? काश्यप म्हणायचं.”

“कुणालाही?”

“कुणालाही. गोत्र नसलेला माणूस नसतो. माहीत नसतं, एवढंच.”

इंदिराबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या अपूर्वाच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“शब्द मोजून काढू नकोस. माहितीच्या प्रत्येक खणाला नाव दे आणि त्या नावाने माग. आणि गोत्राचा खण रिकामा असला, तर...”



“तर काश्यप,” अपूर्वा म्हणाली आणि लिहायला लागली.

नाव इंदिरा, गोत्र काश्यप, गाव वणी.

गुरुजींनी वाकून ओळ वाचली. उपरणं सावरत उठले.

“आणि तिथी? ती रोज बदलते. ती कुठून काढणार हा?”

“ते बाईंनी अजून शिकवलं नाही.”

“मग सोमवारी आलीस की विचार,” चपला शोधत ते म्हणाले.

मुलं गेली. इंदिराबाईंनी पंखा बंद केला, एक कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्यावर त्यांच्या नावाची ओळ अजून तशीच होती; त्याच्यासमोर खुर्ची ओढून त्या बसल्या.