वखारीतला लाल काढा

वखारीच्या मुकादमाने हात धरले, आणखी दोघांनी पाय धरले आणि पोटबाबा त्या माणसाच्या पोटावर उभा राहिला. अनवाणी, दोन्ही पायांनी. खालचा माणूस आमच्या गल्लीतला न्हावी. तो ओरडला तशी गर्दी खूश झाली, कारण बाबाच्या शास्त्राप्रमाणे ओरडतो तो माणूस नसतोच, ओरडतो त्याच्या पोटातला दोष. मग बाबाने टाच फिरवली. न्हावी पुन्हा ओरडला. माझ्या शेजारी उभी असलेली भावजय हात जोडून म्हणाली, "किती हाल होतायत बघा त्याचे." हे ती न्हाव्याबद्दल नाही, दोषाबद्दल म्हणत होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी मी गप्प उभी होते. लाकडाच्या वखारीची मागची शेड माणसांनी गच्च भरली होती. मालकाने ती बाबाला आपण होऊन दिली होती. पोटाची दुखणी शेडमध्येच बरी झाली तर कामगार रजा घेणार नाहीत, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. बाहेर ओंडके रचलेले, आत भुशाचा चिखल आणि मधोमध एका फळीवर माणसं आडवी करून तुडवली जात होती.

माझा धाकटा भाऊ याच वखारीत करवतीवर काम करतो. ओंडके उचलून उचलून त्याची पाठ कामातून गेलेली. पण पाठ कुणाची धड होती? म्हणूनच तर करवतीच्या बाजूच्या खांबाला पत्र्याचा एक डबा ठोकलेला होता, अंगदुखीच्या गोळ्यांचा. पाठ धरली की येताजाता एक तोंडात टाकायची, सकाळी करवत सुरू करण्याआधी रिकाम्या पोटी एक, दुपारी आणखी एक. डबा कोण भरतं हे कुणी विचारत नसे. रिकामा दिसला तर मात्र शिव्यांचा पट्टा सुटे. धाकटा त्या डब्याचं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक होता.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. खाल्लं की दुखे, नाही खाल्लं तरी दुखे. तोंड उतरलं, कपडे ढगळ झाले. दवाखान्यात जा म्हटलं की म्हणायचा, तिथे संडासाबद्दल विचारतात, आणि विचारणारी बाई असते. बाबा काही विचारत नसे. बाबाला सगळं आधीच ठाऊक असे.

बाबाचा प्रकार असा होता. आलेल्या प्रत्येकाला स्टीलच्या उंच पेल्यात पहिल्या दिवशी गडद लाल काढा. चव आल्याची, लिंबाची आणि भरमसाट साखरेची. मग बाबा डोळे मिटून सांगे, "उद्या सकाळी दोष रक्ताच्या रूपात दर्शन देईल. घाबरायचं नाही. पाहुणा निघालाय, त्याला दारापर्यंत सोडायला मी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस संडासातून पांढराफटक होऊन बाहेर येई आणि तसाच शेडकडे धाव घेई. तिथे त्याला तुडवून पांढरा काढा पाजला जाई, आणि एकदोन दिवसांत लाल थांबे. ज्यांना लाल दिसलंच नाही त्यांचा दोष आत रुतून बसलेला. त्यांना जास्त तुडवावं लागे.

त्या दिवशी शेडमध्ये येईपर्यंत वाटेत भावजयीबरोबर भांडून भांडून माझा घसा कोरडा पडला होता. बाबाच्या माणसाने पेला पुढे केला आणि मी घटाघट पिऊन टाकला. तहान लागल्यावर विज्ञान आठवत नाही, हे मी मुलांना कधी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली पाहिलं. लाल. स्पष्ट लाल. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार शेडचा आला. आयुष्यभर वर्गात मोठमोठ्याने बोललेले सगळे शब्द त्या लहानशा खोलीत माझ्याशी एक अक्षर बोलायला तयार नव्हते. मी दाराला टेकून उभी राहिले आणि आपण आता मरणार, असं मला खरोखर वाटलं.

पण माझे पाय गेले दवाखान्याकडे. तिथली डॉक्टरीणबाई माझी जुनी ओळखीची. तिने मला तपासलं, चार प्रश्न विचारले आणि मग विचारलं, "काल काय खाल्लंस? बीट?"

"बीटला मी हातही लावत नाही."

"मग काय प्यायलीस?"

मी काढ्याबद्दल आणि धाकट्याच्या पोटदुखीबद्दल सांगितलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. बीटचा रस भरपूर पोटात गेला तर कित्येकांना असं लाल दिसतं, म्हणाली. रस थांबला की लालही थांबतं, त्याला कुणाच्या टाचेची गरज नाही. मलाही हसू आलं, आणि मग राग आला, स्वतःचा आणि बाबाचा सारखाच. इतक्या लोकांच्या पोटावर नाचून त्याने कमावलेली सगळी कीर्ती एका कंदाची होती.

"पण तू आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "लाल दिसलं की बीटच असेल असं घरबसल्या ठरवायचं नसतं. तुझ्या भावालाही लालच दिसलं का?"

"नाही. त्याचं काळं होतंय. बाबा म्हणतो, दोष आतल्या आत जळाला."

तिचं हसू गेलं. "काळं म्हणजे कसं? डांबरासारखं? चिकट, घाण वास येणारं?"

भावजय आदल्याच दिवशी नाक मुरडून हेच सांगत होती. डॉक्टरीणबाईने विचारलं, चक्कर येते का, पांढरा पडलाय का, दुखण्याच्या गोळ्या घेतो का. प्रत्येक प्रश्नाला माझी मान होकारार्थी हलत होती.

"ते जळालेलं नाही, रक्तच आहे," ती म्हणाली. "वर जठरात कुठेतरी वाहतंय आणि खाली येईपर्यंत काळं होतंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण हा तर दुखण्याच्या गोळ्या खातो आणि त्याला चक्कर येतेय. त्याला आत्ता घेऊन ये. उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता. आणि त्याच्या पोटावर कुणाला पाय ठेवू देऊ नकोस."

मी पोचले तेव्हा पाय ठेवलेला होता.

धाकटा फळीवर होता. चेहरा मेणासारखा, ओठ कोरडे, कपाळावर घाम. मुकादमाने त्याचे हात डोक्यामागे ओढून धरले होते आणि बाबा त्याच्या बेंबीच्या वर उभा राहून गर्दीला सांगत होता, की हा दोष मोठा हट्टी आहे, काळा होऊनही जात नाही. धाकट्याने मला पाहिलं. त्याने "ताई" म्हणायला तोंड उघडलं आणि त्या तोंडातून रक्त आलं. चूळ टाकावी तसं नाही, बादली उलटावी तसं. बाबाच्या पायांवर, मुकादमाच्या हातांवर, भुशावर.

"निघाला," गर्दी ओरडली. "निघाला." लोक टाळ्या वाजवत होते. माझा भाऊ मरत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. ते आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात.

त्यानंतर मी जे केलं ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. काढ्याच्या पातेल्यातला लांब दांड्याचा डाव उचलला आणि बाबाच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजल्याचं मला ऐकू आलं. तो खाली कोसळला. कुणीतरी माझे केस धरले, मुकादमच होता तो, आणि मला मागे ओढून खांबावर आपटलं. दात ओठात घुसला. पाठीत लाथ बसली. "बाईला दोष लागला, धरा तिला," बाबा जमिनीवरून किंचाळत होता. मी खाली पडता पडता पातेल्याला लाथ घातली. ते उलटलं, आणि लाल पाण्याबरोबर तळाचा चोथा आणि बीटच्या सालीसकट फोडी भुशावर पसरल्या. मुकादमाचा हात माझ्या केसांत तसाच राहिला, पण त्याची नजर खाली गेली होती.

"ओळख हे काय आहे ते," मी म्हटलं. तोंडात रक्त होतं, त्यामुळे शब्द नीट आले नसावेत. "हे तुमच्या पोटात होतं. त्याच्या पोटात खरं रक्त आहे."

एवढ्या वेळात हललं फक्त एक माणूस, ते म्हणजे माझी भावजय. तिने हात जोडून बाबाकडे पाहिलं, मग फोडींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिने जोडलेले हात सोडले आणि फळीचं टोक पकडलं.

"वन्सं, दुसरी बाजू धरा," ती म्हणाली. "बघताय काय?"

आम्ही दोघींनी त्याला फळीसकट उचललं. दारात उभा असलेला बाबाचा माणूस वाट सोडेना. भावजयीने फळीचं टोक त्याच्या पोटात घुसवलं. तो कळवळून बाजूला झाला. बाहेर ओंडक्यांचा ट्रक उभा होता, ड्रायव्हरने एक शब्दही न विचारता गाडी सुरू केली.

दवाखान्यात धाकट्याला रक्तावर रक्त चढवलं गेलं. तोंडावाटे नळी घालून जठरातली फुटलेली जागा बंद केली. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं नाही आणि डॉक्टरीणबाईनेही सांगितलं नाही. तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने पाठीसाठी गोळी मागितली, तेव्हा भावजय इतकी रडली आणि त्याला इतकं बोलली, की परिचारिकेने तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वखारीत गेले, तर तिथे पुन्हा गर्दी. या वेळी फळीवर बाबा होता. त्याचे हातपाय धरलेले होते आणि न्हावी त्याच्या पोटावर उभा राहून टाच फिरवत होता. बाबा ओरडत होता आणि लोक तसेच खूश होते. अगदी तसेच. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की कालपासून या शेडमध्ये फक्त फळीवरचा माणूस बदललाय.

मी न्हाव्याला खाली ओढलं. बाबाला पोलिसांच्या हवाली करा म्हटलं. त्याला तुडवून तुमच्या पोटात काय चाललंय ते कळणार नाही. मग करवतीजवळ गेले, खांबावरचा तो पत्र्याचा डबा पहारीने उचकटून काढला आणि त्यांच्यासमोर भुशात ओतला. बाबाने फसवलं ते खरं, पण धाकट्याचं जठर बाबाने नाही, या गोळ्यांनी फोडलं, आणि त्या आपण आपल्या हाताने खातो, हे सांगितलं.

वाचणाऱ्यांनाही एक सांगते. संडासला डांबरासारखं काळं, चिकट झालं, किंवा बीट न खाता लाल दिसलं, तर दवाखान्यात जा. रक्त जास्त असेल, थांबत नसेल, त्याबरोबर चक्कर असेल, उलटीत रक्त असेल, पोट फळीसारखं कडक होऊन हात लावू देत नसेल, फुगून वाराही सरत नसेल, तर तासभरही थांबू नका. उगाच गेलात असं निघालं, तर माझ्यासारखं हसून घरी या. लाजेपायी मेलेल्या माणसाला मात्र कुणी हसवू शकत नाही.

पण माझ्या भाषणाने फारसं काही झालं नाही. भाषणाने होत नसतं. झालं ते भावजयीमुळे. धाकट्याच्या जागी तिला वखारीच्या फाटकावर काम मिळालं. पहिल्याच सकाळी आत शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तिने मोठ्याने विचारलं, "काळं झालं का आज? लाल?" माणसं लाजून लाल झाली. कुणी खिदळलं, कुणी मान खाली घालून पळालं, कुणी म्हणालं, वहिनी, जरा हळू तरी. तिने दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी लोक फाटकापासूनच "नाही वहिनी, पिवळं" असं ओरडत आत यायला लागले.

एक दिवस मुकादम आला. माझे केस धरणारा तोच. तिने विचारलं तेव्हा तो हसला नाही. सगळे पुढे जाईपर्यंत फाटकाशी उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, परवापासून."

तिने फाटक तसंच उघडं टाकलं आणि त्याचा दंड धरून त्याला दवाखान्यात घेऊन गेली.